दर्या, सागर आणि डोल : संगीतातील समुद्ररूपांविषयी

हिंदुस्थानी रागसंगीताने पावसाला मल्हाराचे अख्खे कुळ दिले, वसंत ऋतूला वसंत आणि बहार दिले, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या प्रहरांना त्यांची त्यांची स्वरविश्वे दिली. समुद्राला मात्र एकही मान्यताप्राप्त राग दिला नाही. ज्या उपखंडाला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, त्याच्या कलासंगीतात ही जागा रिकामी राहावी हे नवल आहे, आणि त्याहून नवल हे की या रिकाम्या जागेची संगीतविषयक लेखनात फारशी दखल घेतली गेलेली नाही. ‘समुद्र संगीतात कसा आला’ असा प्रश्न युरोपीय संगीताचा इतिहासकार सहज विचारतो. मराठी अभ्यासकाला मात्र आधी ‘तो का आला नाही’ येथून सुरुवात करावी लागते. आणि मग, जेथे तो आला असे आपण मानतो त्या कोळीगीतांत तरी तो खरोखर आला आहे काय, हेही तपासावे लागते.

अनुपस्थितीचे एक कारण भूगोलात शोधता येईल. रागसंगीताचा आश्रय होता तो ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, जयपूर अशा अंतर्भागातील दरबारांचा. तेथे पाऊस ही वर्षभराची चिंता होती. समुद्र ही ऐकीव गोष्ट होती. परंतु हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. विसाव्या शतकात या संगीताची सूत्रे ज्यांच्या गळ्यात आली त्यांतील कितीतरी मोठी नावे किनारपट्टीच्या प्रदेशातील आहेत : केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी. गोमंतकाच्या या कलावंतांनी आत्मसात केले ते संगीत अंतर्भागाचे होते, आणि त्यात समुद्राला नवा दरवाजा उघडावा अशी गरज त्यांना भासलेली दिसत नाही. तेव्हा प्रश्न केवळ कोण कोठे राहत होते याचा नाही. एखाद्या परंपरेत समुद्र कोणत्या भूमिकेसाठी आधीच राखून ठेवलेला होता, याचा आहे.

ती भूमिका शोधण्यासाठी देवगिरीला जावे लागते. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने आपला ग्रंथ रचला आणि त्याला नाव दिले ‘संगीतरत्नाकर’. रत्नाकर म्हणजे समुद्र. शार्ङ्गदेवाचे घराणे काश्मीरमधून दक्षिणेत आलेले. ग्रंथ लिहिला गेला तो समुद्रापासून घाटाच्या अलीकडे, कोरड्या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी. येथे संगीत समुद्राचे चित्र काढत नाही, समुद्र संगीताचे माप होतो. पुढे या ग्रंथावर ज्या प्रसिद्ध टीका झाल्या त्यांची नावेही या रूपकाला धरून आहेत : सिंहभूपालाची ‘संगीतसुधाकर’ आणि कल्लिनाथाची ‘कलानिधी’. सुधाकर आणि कलानिधी हे दोन्ही शब्द चंद्राचे वाचक. ग्रंथ समुद्र असेल तर त्याला भरती आणणारी टीका चंद्र असणार, हा श्लेष टीकाकारांच्या मनात नव्हता असे मानणे कठीण आहे. सरस्वतीसुद्धा नादसमुद्राचा पैलतीर जाणत नाही, आणि बुडण्याच्या भीतीने ती वीणेचा भोपळा उराशी धरून बसली आहे, ही प्रसिद्ध श्लोकातील कल्पनाही याच कुळातली. ती विनोदी आहे आणि भेदकही. भोपळा बांधून पोहायला शिकणारा माणूस ज्या समाजात रोज दिसतो, त्याच समाजात ती सुचू शकते.

दुसरी राखीव भूमिका भक्तिसंगीताची. अभंग, भजने आणि बंदिशी यांत नाव आहे, नावाडी आहे, पैलतीर आहे. पण तो समुद्र भवसागर आहे, आणि भवसागराशी माणसाचे नाते एकच : त्यातून बाहेर पडणे. त्याची भरती-ओहोटी, त्याचा रंग, त्यातले मासे यांची चौकशी करण्याचे भक्ताला प्रयोजन नसते. शिवाय या रचनांतील नाव पुष्कळदा नदीतली असते आणि पाणी तेवढे समुद्राचे असते. ज्यांची तीर्थे चंद्रभागेच्या आणि इंद्रायणीच्या काठी होती त्यांच्या अनुभवाला ते साजेसेच आहे. समुद्रगमनाच्या निषेधाचा धाक ज्या समाजावर होता, त्याच्या गाण्यात समुद्र ओलांडण्याची वस्तू म्हणून यावा आणि राहण्याची जागा म्हणून येऊ नये, हेही समजण्यासारखे आहे. मराठ्यांचे आरमार होते, कान्होजी आंग्रे होते. परंतु पोवाडा म्हटला की मराठी कानाला टाप ऐकू येते, वल्ह्याचा आवाज नव्हे.

येथे ‘चित्रण’ या शब्दाविषयी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण तो शब्द दृश्यकलेतून संगीतात आणताना आपण बरेच काही गृहीत धरतो. बेथोव्हेनने आपली ‘पास्टोरल’ सिंफनी १८०८ साली सादर करताना ती चित्रापेक्षा भावनेची अभिव्यक्ती आहे असे बजावून ठेवले होते. एदुआर्द हान्सलिकने १८५४ साली संगीताचा आशय म्हणजे नादांच्या गतिमान आकृतीच होत, अशी भूमिका घेऊन हा वाद टोकाला नेला. हान्सलिकचे म्हणणे पूर्णपणे स्वीकारले तर प्रस्तुत विषयच उरत नाही. परंतु ते नाकारले तरी एवढे मान्य करावे लागते, की नाद हा समुद्राच्या रंगाशी वा विस्ताराशी थेट संबंध जोडू शकत नाही. तो संबंध जोडू शकतो गतीशी. आणि समुद्राला एक गती नाही, अनेक आहेत. लाटेची वेगळी, वाऱ्याची वेगळी, नावेच्या हेलकाव्याची वेगळी, भरतीची तर अगदीच वेगळी. रचनाकार यांतली कोणती निवडतो यावरून तो कोठे उभा आहे, हे बहुधा कळते.

युरोपीय परंपरेतील ‘बार्कारोल’ हा प्रकार घ्या. व्हेनिसच्या नावाड्यांच्या गाण्यावरून आलेल्या या प्रकाराचा ठेका सहाच्या वा बाराच्या हिशेबाचा, झुलता. मेंडेलसनची व्हेनेशियन नौकागीते, शोपँची पियानोवरील बार्कारोल, ऑफेनबाखची रंगभूमीवरून लोकप्रिय झालेली रचना, सर्वांना हा झोका समान आहे. हा झोका समुद्राचा म्हणून ओळखला जातो, पण वस्तुतः तो नावेचा आहे, आणि व्हेनिसच्या कालव्यातील नावेचा. आपल्याकडील दादऱ्याच्या सहा मात्रांनीही तेच काम केलेले दिसते.

मेंडेलसनचीच ‘हेब्रिडीज’ ही रचना याहून गुंतागुंतीची आहे. १८२९ च्या ऑगस्टमध्ये तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर होता. रचनेचे आरंभीचे सूत्र त्याने पत्रात टिपून घरी पाठवले ते ७ ऑगस्टला. ज्या फिंगलच्या गुहेचे नाव पुढे या रचनेला चिकटले ती त्याने पाहिली दुसऱ्या दिवशी. गुहेचे ‘चित्र’ गुहा पाहण्यापूर्वीच सुचले होते! पुढे १८३२ साली तो मधल्या भागावर असमाधानी होता, आणि त्याची तक्रार फार बोलकी होती : या भागाला व्हेलच्या तेलाचा, समुद्रपक्ष्यांचा आणि खारवलेल्या माशांचा वास येण्याऐवजी काउंटरपॉइंटचाच वास अधिक येतो, अशा आशयाचे त्याने लिहिले. शास्त्र आणि खारवलेली मासळी यांच्यातील हा ताण समुद्रविषयक प्रत्येक संगीतरचनेत कोठे ना कोठे असतो. बर्लिनच्या सुसंस्कृत घरातील एका तरुणाला तो जाणवावा, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

क्लोद देब्युसीची ‘ला मेर’ ही तीन ‘रेखाटने’ १५ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये प्रथम सादर झाली. रचनेचा आरंभ झाला होता १९०३ साली बर्गंडीतील एका खेड्यात, समुद्रापासून फार दूर. तेथून लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच हा आक्षेप ओळखून उत्तर देऊन ठेवले आहे : आपल्याजवळ समुद्राच्या असंख्य आठवणी आहेत आणि त्या प्रत्यक्षापेक्षा अधिक मोलाच्या आहेत. छापील संहितेच्या मुखपृष्ठावर होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेचे चित्र घेतले गेले. म्हणजे बर्गंडीत आठवलेल्या फ्रेंच समुद्राला जपानी लाट लागली. देब्युसीच्या रचनेत सुरावट एका जागी स्थिर होऊन मोठी होत नाही. लहान लहान आकृती उमटतात, एकमेकींत विरतात, वेगळ्या वाद्यातून पुन्हा वर येतात. लाटेचे वर्णन करण्याऐवजी लाटेची वागणूक उचलण्याचा हा मार्ग आहे, आणि म्हणूनच येथे नाव दिसत नाही, माणूसही दिसत नाही.

जपानची लाट फ्रान्सला गेली तशी फ्रान्सची वाट जपानला आली. मिचिओ मियागी याने १९२९ साली ‘हारु नो उमी’ म्हणजे ‘वसंतातील समुद्र’ ही कोतो आणि शाकुहाची या वाद्यांसाठी रचना केली. मियागीची दृष्टी बालपणीच गेली होती. कोबे या बंदराच्या शहरात जन्मलेल्या या संगीतकाराला १९३० च्या राजदरबारी काव्यसमारंभाचा विषय निमित्तमात्र मिळाला. विषय होता समुद्रकाठचे खडक. १९३२ साली रने शमे या फ्रेंच व्हायोलिनवादिकेने शाकुहाचीची जागा व्हायोलिनला देऊन ही रचना मियागीबरोबर ध्वनिमुद्रित केली आणि ती जगभर गेली. ज्याला समुद्र दिसत नाही अशा माणसाने रचलेला समुद्र शांत आहे, जवळचा आहे, आणि त्यात वल्ह्यांची व पक्ष्यांची चाहूल आहे. मियागीच्या रचनेत ‘चित्रण’ हा शब्द किती अपुरा पडतो हे वेगळे सांगायला नको.

मराठीत समुद्र गाण्याच्या केंद्रस्थानी आला तो परदेशाच्या किनाऱ्यावरून. डिसेंबर १९०९ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर विनायक दामोदर सावरकरांनी ‘सागरा, प्राण तळमळला’ ही कविता रचली. मदनलाल धिंग्रांना फाशी होऊन चार महिने झाले होते. तीन महिन्यांनी सावरकरांनाही अटक होणार होती. या कवितेत समुद्र देखावा नाही; तो दुसरा पक्ष आहे. त्याच्यावर वचनभंगाचा आरोप आहे, त्याची विनवणी आहे, त्याला टोमणे आहेत, आणि अखेरीस समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्तीची आठवण देऊन दिलेली धमकी आहे. समुद्राला उद्देशून बोलण्याची ही रीत भारतीय संगीताला अगदी अपरिचित नव्हती. त्यागराजाच्या ‘प्रह्लादभक्तिविजय’ या तेलुगू संगीतनाट्यात समुद्र हे पात्रच आहे, आणि ‘वारिधि नीकु’ ही तोडी रागातील रचना त्याला वंदन करून त्याचा निरोप घेते. पण त्यागराजाचा समुद्र भक्ताचा रक्षक आहे. सावरकरांचा समुद्र साम्राज्याच्या बाजूला गेल्याचा संशय असलेला साक्षीदार आहे. भवसागरातून पार होण्याची जुनी मागणीही येथे उलटी झाली आहे : पैलतीर म्हणजे मोक्ष नव्हे, घर.

या कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली आणि मंगेशकर भावंडांच्या आवाजात ती घरोघर पोहोचली. समूहाच्या गायनामुळे कवितेतला एकाकी आरोपकर्ता नाहीसा होऊन त्या जागी एक समाज उभा राहतो, हा अर्थबदल सामान्यतः लक्षात घेतला जात नाही. कागदावर ती एका हद्दपार मनाची कविता आहे. ध्वनिमुद्रिकेत ते राष्ट्रगानाच्या जवळ जाणारे समूहगान आहे. दोन्ही रूपे प्रभावी आहेत, पण ती एक नाहीत.

सावरकरांनी निवडलेला शब्द ‘सागर’. किनाऱ्यावरचा शब्द ‘दर्या’. या दोन शब्दांत मराठीचे दोन समुद्र आहेत. ‘दर्या’ हा फारसीतून आला. तेथे तो समुद्रवाचक आहे, हिंदी-उर्दूत तो बहुधा नदीचा वाचक झाला, आणि मराठीत, गुजरातीत तो पुन्हा समुद्राशी येऊन स्थिरावला. नावेवरील माणसांचे शब्दही त्याच वाटेने आले : नाखवा हा नाखुदा, सारंग हा सरहंग, खलाशी अरबी. मराठीत समुद्राची कविता संस्कृतात आहे आणि समुद्रावरचे काम फारसी-अरबीत. पुढे भाषाशुद्धीची चळवळ उभारणाऱ्या कवीने ‘दर्या’ला हाक मारली असती तर काय झाले असते, हा प्रश्न खोडसाळ वाटेल, पण त्या कवितेचा संबोध्य कोळ्यांचा दर्या नव्हता एवढे त्यातून स्पष्ट होते.

दर्याला मराठी गाण्यात प्रतिष्ठा मिळाली ती कोळीगीतांच्या ध्वनिमुद्रिकांनी. शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांतून ‘वादळवारं सुटलं गो’, ‘मी डोलकर’, ‘माज्या सारंगा’ ही गाणी निघाली. शेळके या पुणे जिल्ह्यातील इंदापूरच्या, देशावरच्या. देब्युसीला बर्गंडीत समुद्र सापडला तर शेळके यांनाही तो देशावर सापडू शकतो. जन्मस्थानाच्या दाखल्यावरून गाण्याची सत्यता ठरवणे ही समीक्षा नव्हे. तरीही या गाण्यांतील समुद्र कोठून पाहिला आहे हे विचारावेच लागते. ‘वादळवारं’मध्ये तो किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या स्त्रीचा आहे, ‘मी डोलकर’मध्ये तो मिरवणाऱ्या पुरुषाचा. एकीकडे भय, दुसरीकडे ऐट. मधला दिवसभराचा समुद्र, म्हणजे काम, तो या गाण्यांच्या कडेने जातो. ‘सारंगा’ हे संबोधन ऐकताना सुशिक्षित श्रोत्याच्या कानात दुपारच्या सारंग रागाची छाया तरळते; किनाऱ्यावर सारंग म्हणजे नावेचा प्रमुख. शब्द एकच, पण त्याचे दोन श्रोते दोन ठिकाणी बसलेले आहेत.

याहून महत्त्वाचा शब्द ‘डोलकर’ आहे. बहुसंख्य मराठी श्रोते त्याचा संबंध ‘डोलणे’शी लावतात, आणि गाण्याच्या आरंभी त्या शब्दाची तिहेरी आवृत्ती व तिच्याखालचा झुलता ठेका त्यांच्या समजुतीला दुजोरा देतो. किनाऱ्यावर डोलकर म्हणजे डोल लावणारा. डोल हे पिशवीसारखे, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले लांबलचक जाळे. पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, तारापूर अणुवीज केंद्राच्या परिसरातील घिवलीसारख्या गावापासून दक्षिणेकडे सातपाटीपर्यंत, मांगेला, वैती आणि कोळी समाजांच्या मासेमारीत या जाळ्याचे स्थान मोठे आहे. बोंबील आणि जवळा मुख्यतः त्यातच येतो. डोल माशामागे धावत नाही. समुद्रात पक्क्या केलेल्या खुंटांना वा नांगरांना ती बांधतात, तिचे तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवतात, आणि भरती-ओहोटीचा ओघ मासळी आत आणून घालतो. ओघ थांबला, पाणी स्थिर झाले की जाळे उचलायचे. ओघ उलटला की तोंडही उलटायचे. डोलकराचे कौशल्य डोलण्यात नाही, ओघ केव्हा थांबणार हे ओळखण्यात आहे.

म्हणजे या माणसाचा समुद्र लाटेचा समुद्र नाही. तो भरतीचा समुद्र आहे, आणि भरतीची लय कानाला ऐकू येत नाही. ती मोजावी लागते. कोकण किनाऱ्यावर त्यासाठी एक प्रसिद्ध हिशेब आहे : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. याचा अर्थ भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. प्रत्यक्षात ती सुमारे पन्नास मिनिटांनी सरकते, आणि तिथीची लांबीही कमीजास्त होत असल्याने हा हिशेब व्यवहारात चालून जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्यांचे खेचणे एकत्र येऊन उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे मंद पाणी असते. सुमारे साडेबारा तासांचे आवर्तन, त्यावर पंधरा दिवसांचे दुसरे आवर्तन, आणि दोन्हींच्या समा कधी जवळ येतात तर कधी लांब जातात. तालशास्त्राच्या अभ्यासकाला ही रचना अपरिचित वाटू नये. मात्र कोणत्याही कोळीगीताचा ठेका या आवर्तनातून आलेला नाही. कोळीगीताचा ठेका नाचातून, वल्ह्यातून आणि दोर ओढण्यातून आला आहे.

बंगालची तुलना येथे उपयोगी पडते. तेथील ‘भाटियाली’ हा प्रकार ‘भाटा’ म्हणजे ओहोटी या शब्दाशी जोडला जातो. ओहोटीबरोबर नाव आपोआप खाली वाहत असते, वल्ही मारावी लागत नाहीत. म्हणून गाणे तालाच्या बंधनातून सुटते, स्वर लांबतात, हाक दुसऱ्या काठापर्यंत जाईल इतकी ताणली जाते. याउलट ‘सारी’ गान हे वल्ह्यांच्या शर्यतीचे, ठेक्यात घट्ट बांधलेले. काम असेल तेथे ताल, ओघ असेल तेथे मुक्त स्वर, असा हा भेद आहे. हिंदी चित्रपटाने नावाड्याचे गाणे म्हणून जे रूढ केले त्याच्या मुळाशी बहुधा ही भाटियालीच आहे. सचिन देव बर्मन यांनी ‘बंदिनी’ (१९६३) मध्ये स्वतः गायिलेले गाणे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आणि येथे एक लक्षणीय योगायोग दिसतो. केरळच्या मच्छीमारांवरील ‘चेम्मीन’ (१९६५) या मल्याळम चित्रपटाला संगीत दिले बंगालच्या सलील चौधरींनी, त्यातले विरहगीत गायिले मन्ना डे यांनी. मराठी डोलकराला आवाज दिला हेमंतकुमारांनी. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्राला जणू गंगेच्या मुखाकडून गळा मागवावा लागला. हेमंतकुमारांचा धीरगंभीर, थोडा दूरवरून येणारा स्वर मराठी श्रोत्याला समुद्राचाच वाटला, यात नदीच्या गाण्याचा वाटा किती, याचा शोध कोणीतरी घ्यायला हवा.

गोव्यातही समुद्रापेक्षा नदीच अधिक गायिली गेली. ‘हांव सायबा पलतडी वयतां’ या सुप्रसिद्ध देखणीत नर्तिका नावाड्याला पलीकडे नेण्याची विनवणी करते. पैलतीर येथे लग्नघराचा आहे. ‘बॉबी’ (१९७३) मुळे ती चाल देशभर गेली. मांडो रचणाऱ्या गोमंतकीयांचे आप्त बोटीने परदेशी जात होते, विरह हा मांडोचा प्राण होता, तरी समुद्राचे वर्णन तेथेही मुख्य होत नाही. मात्र गोमंतकीय वादकांनी व संयोजकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात युरोपीय वाद्यवृंदाचे जे संकेत आणले, त्यांतून व्हायोलिनांच्या चढत्या लहरींनी व झांजेच्या आघाताने लाट सुचवण्याची रीत आपल्या कानांच्या अंगवळणी पडली. आज ‘समुद्र’ म्हणून जे ऐकू येते त्यात हा वारसा मोठा आहे.

अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताचे आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम असे जे कोटीकरण केले, ते कोळीगीताला लावून पाहिले तर एक अडचण समोर येते. आपण ज्याला लोकसंगीत समजून कौतुक करतो ते ध्वनिमुद्रित कोळीगीत जनसंगीतात मोडते; त्याचा कर्ता ज्ञात आहे, श्रोता शहरी आहे, वितरण बाजाराचे आहे. दुसरीकडे किनाऱ्यावरील लग्नांत धवलारीण जे धवले म्हणते ते लोकसंगीत आणि धर्मसंगीत यांच्या सीमेवर उभे आहे. ते विधीचा भाग आहे, करमणुकीचा नव्हे. नाव ओढताना, शीड चढवताना घातला जाणारा हाकारा तर गाणे म्हणून गणलाच जात नाही. गंमत अशी की जनसंगीत परत किनाऱ्यावर आले आणि तेथील लोकांचे झाले. वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’च्या कॅसेटींनी १९९० च्या दशकात कोळीवाड्यांतूनच उभा केलेला ठसकेबाज बाज हा त्या परतीच्या प्रवासातला टप्पा आहे. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत, हळदीच्या मांडवात हीच गाणी वाजतात. ती ‘खरी’ नाहीत असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला? ज्यांच्याविषयी गाणे रचले गेले त्यांनी ते आपले मानले असेल, तर अस्सलपणाचा वाद बऱ्याच अंशी निकाली निघतो.

वाद निकाली निघतो, पण हानी दिसू लागते. शिडाच्या नावेला इंजिन आले, दोर ओढायला यंत्र आले, तेव्हा हाकाऱ्याचे प्रयोजन संपले. इंजिनाच्या आवाजावर गाता येत नाही आणि त्याच्या तालावर गाण्याची गरजही उरत नाही. ध्वनिमुद्रित कोळीगीत भरभराटीला आले त्याच दशकांत कामाचे गाणे मुके होत गेले, आणि पहिल्याच्या गजबजाटात दुसऱ्याची शांतता कोणाला ऐकू आली नाही. विद्यापीठांतील लोकसाहित्याच्या संकलकांनी गीतांचे शब्द टिपले. हाकाऱ्याला शब्द जवळजवळ नसतातच, म्हणून तो वहीतून निसटला. मराठीतील लोकगीतसंग्रह मुख्यतः शब्दांचे संग्रह आहेत, ही आपल्या लोकसाहित्य-अभ्यासाची जुनी उणीव आहे, आणि समुद्राच्या बाबतीत ती विशेष महाग पडली.

मच्छीमार हाच नायक करून समुद्राला नाट्यरूप देणारी बेंजामिन ब्रिटनची ‘पीटर ग्राइम्स’ ही ऑपेरा ७ जून १९४५ रोजी लंडनमध्ये प्रथम झाली. जॉर्ज क्रॅबच्या १८१० च्या काव्यावर ती आधारलेली आहे, आणि ब्रिटन स्वतः इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वाढलेला. तिच्यातील समुद्रविषयक मध्यंतरे पहाट, रविवारची सकाळ, चांदणे आणि वादळ अशी मैफलीतही स्वतंत्रपणे वाजतात. ग्राइम्सच्या हाताखालचे पोर समुद्रावर मरते, गाव त्याच्यावर उलटते, आणि अखेर तो नाव घेऊन बुडायला जातो. कोळ्याला दर्याचा राजा म्हणणाऱ्या आपल्या गाण्यांशेजारी ही कृती ठेवली की आपल्याकडे काय गायिले गेले नाही हे उघड होते. कर्ज, दलाल, बुडालेली नाव, परत न आलेला खलाशी हे कोळीगीताचे विषय क्वचितच झाले आहेत. सणाच्या गाण्याने हे सांगावे अशी अपेक्षा नाही. पण सणाचे गाणे हेच एकमेव गाणे उरले आहे.

जॉन ल्यूथर अॅडम्स या अमेरिकन रचनाकाराची ‘बिकम ओशन’ ही सुमारे ४२ मिनिटांची रचना २०१३ साली सिअॅटलमध्ये सादर झाली आणि २०१४ चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. वाद्यवृंदाचे तीन गट वेगवेगळ्या लांबीच्या लहरींनी चढतात, उतरतात. त्यांचे माथे मोजक्याच क्षणी एकत्र येतात, आणि रचना मध्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने उलटी परतते. यात हेलकावा नाही, नाव नाही, हाक नाही. वेगळ्या कालमानांची आवर्तने एकमेकांना गाठतात तेव्हा महालाट येते. हे गणित उधाणाचे आहे. अॅडम्सने ते पर्यावरणाच्या चिंतेतून, चढत्या समुद्रपातळीच्या जाणिवेने मांडले.

घिवलीच्या उत्तरेला, डहाणूजवळ वाढवण येथे होऊ घातलेल्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे, आणि त्यांच्या हरकतीत माशांच्या जागा व प्रवाहांचे बदल हे मुद्दे आहेत. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांनी १९६९ पासून ज्या किनाऱ्याचे स्वरूप बदलले, तेथे ओघाविषयी बोलणारी माणसे अजून आहेत. कोणत्या तिथीला पाणी किती वेळ थांबते, डोलीचे तोंड केव्हा फिरवायचे, वारा ‘पडला’ म्हणजे नेमके काय, हे ती शब्दांत सांगतात, आणि सांगताना आवाज कोठे लांबवायचा, कोठे तोडायचा हेही त्या सांगण्याचाच भाग असतो. ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन जाणाऱ्याने त्यांना गाणे म्हणायला सांगितले तर ती बहुधा शांता शेळके यांचेच गाणे म्हणतील. तिथीचा हिशेब बोलून दाखवायला सांगितला, तर वहीत आजवर न आलेले काही यंत्रात येण्याचा संभव आहे.